गाळलेला आवाज

१

शालिग्रामला आवाज ऐकण्याची सवय होती, बोलण्याची नव्हती. आठवीत शाळा सुटली तेव्हापासून तो जळगावला नव्या पेठेत एका रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानात बसत होता, आणि गिऱ्हाईक काय सांगतं यापेक्षा त्याच्या हातातला टेप काय सांगतो याकडे त्याचं लक्ष असे. मालक रतिलालशेठ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, की याला मुलगी दाखवायची तर तिला स्पीकरमधून बोलायला लावा, नाहीतर हा मान वर करायचा नाही. शालिग्राम हसायचा आणि सोल्डरिंगचा धूर फुंकून बाजूला करायचा.

मेहरूणला तलावाच्या बाजूच्या गल्लीत त्याची भाड्याची खोली होती. एक दार, एक खिडकी. तीन भिंतींवर त्याने खिळे ठोकून गोधड्या टांगल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. त्या कमलमावशीने स्वतःच्या जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या. आई गेल्यावर पाचव्या वर्षापासून त्याला मावशीनेच वाढवलं होतं, धुळ्याच्या पलीकडे साक्रीच्या रस्त्यावरच्या एका गावात.

ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यात लीलाधरमामा मस्कतहून आले आणि जाताना एक यंत्र त्याच्याकडे ठेवून गेले. एकाच कॅसेटवर चार वेगळे आवाज चार वेगळ्या ट्रॅकवर भरणारं. ढोलकी आज भरा, गाणं उद्या भरा, ऐकताना हवं तर एकटी ढोलकी ऐका, हवं तर सगळं मिळून. सोबत चांगल्या प्रतीची एक कॅसेट होती, तसली जळगावात मिळत नव्हती. आवाजाच्या जाड-बारीक पट्ट्या कमीजास्त करणारा इक्वलायझर मात्र शालिग्रामने स्वतः जोडला होता, दहा दांड्यांचा. प्रत्येक दांडीखाली आकडा होता, पण तो त्यांना आपल्या हिशेबाने ओळखायचा. साठची दांडी म्हणजे पलीकडच्या दालमिलची घरघर. एकशेवीसची म्हणजे ढोलकीची धुम. अडीचशे म्हणजे घसा. चार हजार म्हणजे काच. आठ हजार म्हणजे श्वास.

काम सुरू करायची त्याची एक रीत होती. एकेक ट्रॅक एकटा ऐकायचा. एकेक दांडी पूर्ण वर ढकलायची. जिथे खोट असेल तिथे ती ओरडून उठते. सापडली, की तीच दांडी खाली ओढायची. कितीही वेळ लागला तरी त्याला कंटाळा येत नसे.

त्याला एकच गोष्ट मनापासून करायची होती. कमलमावशीची कानबाईची गाणी. श्रावणात घरोघरी कानबाई, खानदेशची देवी, बसते तेव्हा आसपासच्या चार गावांतल्या बाया मावशीच्या अंगणात येत, कारण ती सगळी गाणी आता फक्त तिला येत होती. मावशी साठीला आली होती. तिच्यामागे तिचा आवाज राहावा, एवढंच त्याला हवं होतं.

२

आषाढात मावशी आठ दिवसांसाठी आली. ढोलकीला शालिग्रामचा मित्र जीवराम होता. पहिल्या दुपारी ढोलकी भरून झाली. दुसऱ्या दुपारी मावशी गोधडीला पाठ लावून बसली, मिसरी लावलेलं तोंड धुतलं आणि कानाला लावलेल्या हेडफोनच्या दोन वाट्यांना हसत गाऊ लागली.

अडचण बांगड्यांची होती. मावशी गाताना उजवा हात मांडीवर आपटून ताल धरायची आणि दर आपटीला हिरव्या काचा वाजायच्या. मायक्रोफोन ते सगळं गिळत होता. जीवराम बाजूला येऊन म्हणाला, सांग ना काढायला, पाच मिनिटांचं काम. पण नवरा असलेल्या बाईला बांगड्या उतरव म्हणायचं, तेही पोटच्या पोरासारख्या भाच्याने, हे शालिग्रामच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. त्याने रुमाल पुढे केला. मावशीने तो मनगटाला गुंडाळला, दोन कडवी गायली, आणि तिसऱ्याला रुमाल सुटून खाली पडला. तिला कळलंही नाही.

"राहू दे," शालिग्राम जीवरामला म्हणाला. "नंतर दांडीने काढेन."

मग तिला तिचंच गाणं ऐकवून त्यावर झील भरायची होती, म्हणजे मागून ओळ उचलायची. मावशीने कान लावला, दचकली, आणि भाच्याकडे बघून म्हणाली, "हाई कोन गाई राहिनी?" तूच आहेस म्हटल्यावर ती इतकी हसली की एक टेक वाया गेला.

मावशी गावी गेल्यावर शालिग्रामने तीन दुपारी बसून गाणं गाळलं. दालमिलची घरघर दबवली, ती काही पुरती जाईना. ढोलकीची धुम फार पसरत होती, ती एकशेवीसला ओढून बसवली. मावशीच्या आवाजात मिसरीचा आणि चुलीच्या धुराचा एक घोगरेपणा होता, तो अडीचशेला हळूहळू उतरवला. आठ हजारावर ओळीओळीतला श्वास पुसला. शेवटी बांगड्या. चार हजाराची दांडी त्याने पार तळाला नेली. काच गेली. उरला तो आवाज फडक्यातून गाळलेल्या पाण्यासारखा नितळ होता.

आता पेटी आणि टाळ भरायचे होते आणि ट्रॅक चारच. अशा वेळी करतात तेच त्याने केलं. ढोलकी, गाणं आणि झील, तिन्ही इक्वलायझरमधून काढून चौथ्या ट्रॅकवर एकत्र उतरवली. मग पहिल्या दोन ट्रॅकवर पेटी आणि तिसऱ्यावर टाळ भरले. खाली जे मूळ होतं ते पुसलं गेलं. दुसरी तशी कॅसेट नव्हती, आणि गाळून झाल्यावर गाळ कोण ठेवतं?

३

पंधरा दिवसांनी जीवराम दुकानात आला तेव्हा त्याच्या काखेत ढोलकी होती. त्याने ती काउंटरवर ठेवली आणि डाव्या बाजूवर पंजा मारला. टप्प. लाकडी पेटीवर मारल्यासारखा आवाज आला.

"कातड्याचं पान बदललं. दोनदा बदललं," जीवराम म्हणाला. "धुमच नाही हिच्यात. परवा भजनाला माझी काय शोभा झाली, विचारू नको. बुवा म्हणे, जीवराम, पाट आणलास का घरून?"

पावसाळी हवा आहे, कातडं ओल धरतं, असं रतिलालशेठ म्हणाले. शालिग्रामलाही ते पटलं. ओल खरीच होती. त्याने दोन बोटांनी ढोलकी वाजवून पाहिली आणि त्याच्या डोक्यात, नको असताना, एकशेवीस हा आकडा आला. त्याने तो झटकून टाकला.

त्या रविवारी तो साध्या कॅसेटवर उतरवलेली एक प्रत घेऊन गावी गेला. जळगावहून धुळं, धुळ्याहून दुसरी गाडी. मावशीने दारातच त्याला हाक मारली आणि तो क्षणभर कोण बोललं ते बघत राहिला. आवाज तिचाच होता, पण त्यातला घोगरेपणा नव्हता. गुळगुळीत, वीसबावीस वर्षांच्या पोरीसारखा.

सगळे खुशीत होते. मावशीचा नवरा, वनाआबा, खाटेवर बसून खोकत खोकत सांगत होते, की बायको म्हातारी होण्याऐवजी उलटीच चालली आहे. शेजारच्या मंदाबाईने विचारलं, कोणतं औषध घेतलं ते आम्हालाही सांग. मावशीने मिसरी सोडली होती म्हणे. मिसरी सोडली की घसा सुटतो, शालिग्रामने स्वतःला सांगितलं. आणि तो जेवायला बसला.

मावशी वाढत होती. भाकरी टाकली, वरण वाढलं, मग तांब्या सरकवायला हात पुढे केला. मनगट पितळी तांब्यावर आदळलं. हिरव्या काचा तांब्याच्या काठावर आपटलेल्या त्याने डोळ्यांनी पाहिल्या.

आवाज आला नाही.

त्याने घास हातात तसाच धरला. मावशीने पुन्हा हात नेला, मीठ वाढलं. बांगड्या एकमेकींवर घसरल्या, कोपराकडे गेल्या, परत मनगटावर आल्या. कापसाच्या असाव्यात तशा. त्याने आपला स्टीलचा पेला ताटाला लावून पाहिला. टिंग. कान ठीक होते. उंबऱ्यात बसलेल्या मंदाबाईने पदर सावरला, तिच्या बांगड्या वाजल्या. त्याही ऐकू आल्या.

मावशी त्याच्याकडे बघत होती. तो काय बघतोय हे तिला कळलं होतं.

४

जेवणं झाल्यावर तिने त्याला मागच्या पडवीत बोलावलं. आबांना ऐकू जाणार नाही अशा बेताने खाली बसली आणि दोन्ही हात त्याच्यापुढे धरले.

"डब्बामा वाजतस," ती म्हणाली. "हातमा घालात का मुक्या व्हई जातस."

तिने तीन वेळा भरल्या होत्या. पहिल्यांदा गावातल्या कासाराकडे, मग धुळ्याला दोनदा. धुळ्याच्या कासारणीने तिच्यासमोर डझन मोजला तेव्हा काचा खणखण वाजत होत्या. मनगटावर चढवल्या आणि थांबल्या. कासारणीने हात सोडला, दुकानातून उठून आत गेली आणि मावशी जाईपर्यंत बाहेर आली नाही.

आवाज चांगला झाला याचं मावशीला काहीच नव्हतं. तिची भीती वेगळी होती आणि ती तिने तोंडाने सांगितली नाही. आतून आबांच्या खोकल्याची उबळ ऐकू आली, तशी ती अर्धवट उठली, उबळ संपेपर्यंत तशीच अर्धी उभी राहिली, मग बसली. बाईच्या हातातल्या बांगड्या मुक्या होतात त्याचा एकच अर्थ तिला माहीत होता. ती दिवस मोजत होती. आबांना दूध पाजत होती, अंगाऱ्याचं बोट लावत होती, शेतावर जाऊ देत नव्हती.

"कोन्हले सांगू नको," ती म्हणाली. "तुन्हा आबाले तं नकोच."

आबांना काही होणार नाही, हे मी केलंय, असं शालिग्रामच्या जिभेवर आलं. पण ते वाक्य ऐकायलाच इतकं वेड्यासारखं होतं की त्याने ते गिळलं. इक्वलायझर ही वस्तू त्याने स्वतःच्या हाताने जोडली होती. आत काय आहे ते त्याला ठाऊक होतं. थोडी रेझिस्टन्सं, थोडी कंडेन्सरं, दहा दांड्या. त्यात असं काही करण्यासारखा एकही पार्ट नव्हता.

दुपारी सगळे पडले. मावशी ओसरीवर कुशीवर झोपली, तिच्यापासून हातभर अंतरावर शालिग्राम. माश्या होत्या. आत आबांचं घोरणं चालू होतं, पलीकडे बैल कडबा चावत होता. लहानपणी याच ओसरीवर तो मावशीच्या श्वासाला धरून झोपी जायचा. तिचा श्वास जड, शिट्टी मारल्यासारखा. तो ऐकायला त्याने आता कान दिला.

काहीच नव्हतं.

तो उठून बसला. तिची छाती वरखाली होत होती. नाकाशी पदराचं टोक हलत होतं. त्याने वाकून कान तिच्या तोंडाजवळ नेला, इतका जवळ की तिचा श्वास त्याच्या कानाला गरम लागला. आणि त्या गरम हवेला आवाज नव्हता.

मावशी जागी झाली आणि त्याला असं वाकलेलं बघून हसली. काय रे, जिवंत आहे का बघतोस? त्या नितळ नव्या आवाजात तिने विचारलं.

५

जळगावला आल्यावर तो दुकानात गेलाच नाही. ताप आहे असा निरोप पाठवला. खिडकी लावली, यंत्र सुरू केलं आणि चौथा ट्रॅक एकटा लावून चार हजाराची दांडी वर ढकलली.

फक्त टेपची खरखर वाढली. त्याने आठ हजाराची वर केली. अजून खरखर. अडीचशे पूर्ण वर नेली तर एक पोकळ घुमारा आला, रिकाम्या हंड्यात तोंड घातल्यासारखा. जे टेपवरच नाही ते दांडी कुठून आणणार? हे त्याला माहीत होतं. गिऱ्हाइकांना तो हेच समजावून सांगत असे. तरी कुठेतरी एखादी काच उरली असेल, एखादा श्वास निसटला असेल म्हणून तो तेच गाणं सुरुवातीपासून पुन्हा लावत राहिला. तीन दिवस. किती वेळा ते त्याने मोजलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या लक्षात आलं, की गाणं पहिल्यापेक्षा बारीक ऐकू येतंय. टेप हेडवर घासते. दरवेळी वाजवली की थोडी झिजते, हेही तो गिऱ्हाइकांना सांगत असे. शोधता शोधता तो तिला आणखी पुसत होता.

त्याने यंत्र बंद केलं. बटण दाबून नाही, सरळ प्लग ओढून. खोलीत दालमिलच्या घरघरीशिवाय काही उरलं नाही. तो भिंतीला टेकून बसला आणि गुडघ्यात डोकं घातलं.

खण.

त्याने मान वर केली नाही.

खण. खण. थांबून, खण. मांडीवर हात आपटत धरलेला ताल होता तो. ते गाणं त्याने इतक्या वेळा ऐकलं होतं की कुठल्या ओळीला हात पडतोय हेही त्याला सांगता आलं असतं. ओळ मात्र नव्हती. ओळीच्या जागी शांतता होती, आणि शांतता संपली की एक जड, शिट्टीसारखा श्वास घेतला जाई. पुढच्या ओळीसाठी.

आवाज समोरच्या भिंतीकडून येत होता. जिथे मावशी पाठ लावून बसली होती त्या गोधडीमागून. तो उठला, गेला, आणि हिंमत करून गोधडीचं खालचं टोक उचललं. चुन्याची भिंत होती. ओल आलेली, पोपडे धरलेली, भक्कम भिंत. टोक सोडलं, दोन पावलं मागे आला, आणि ताल पुन्हा सुरू झाला.

मग त्याला एकच गोष्ट सुचली. हे जर इथे आहे तर ते भरून घेता येईल. भरलं तर परत नेता येईल. त्याने मायक्रोफोनची पिन लावली. दुसऱ्या टेपरेकॉर्डरमध्ये कोरी कॅसेट घालून त्याने लाल बटण दाबलं. आवाज मोजणारा काटा उडाला. दर खणला काटा उडत होता, श्वासाला हळूच वर चढत होता. शालिग्रामच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने पूर्ण बाजू भरून घेतली.

मागे नेऊन वाजवली. काटा तसाच उडत होता, तालात, शेवटपर्यंत. स्पीकरमधून दालमिलची घरघर तेवढी येत होती.

६

श्रावणात वनाआबांचं पोस्टकार्ड आलं. अक्षर वाकडंतिकडं, पण सगळं लिहिलं होतं. कानबाई बसली, रोटांचा नैवेद्य झाला, बाया जमल्या. तुझी मावशी गाऊ शकली नाही. तोंड उघडलं तर आवाज इतका लांबून आला, की दुसऱ्या गल्लीत कोणाचा रेडिओ लागलाय असं वाटावं. मंदाबाईने येईल ते गाऊन वेळ मारून नेली. पण तुझ्या मावशीला आवाजाचं दुःख दिसत नाही. ती माझ्याकडेच बघत असते. मी झोपलो की छातीवर हात ठेवून बसते. मला काही झालं नाही, खोकला आहे तो जुनाच आहे. तिला काय झालंय ते तुला माहीत असेल तर कळव. गुरुवारी तिला घेऊन जळगावच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे येतो.

शालिग्रामने ते पोस्टकार्ड दुकानात वाचलं, खोलीवर वाचलं. त्या खोलीत आता तो झोपत नव्हता, नुसता दुपारी येऊन बसत असे. यायला नको वाटे, आणि न यायची भीती त्याहून मोठी होती. गोधडीमागे हात पडत असे, श्वास चालू असे. ते ऐकून त्याला वाटे, अजून आहे. ती भीती होती की आधार, हे त्याला कळेनासं झालं होतं.

एकदा, फक्त एकदा, त्याने बराच वेळ त्या गोधडीकडे पाहिलं. चारी कोपऱ्यांना खिळे होते, मागे सपाट भिंत होती. आणि कापड, जमिनीपासून वीतभर वर, आतून गुडघा टेकवावा तसं पुढे आलेलं होतं. त्याच्या वर, बसलेल्या बाईच्या खांद्याच्या उंचीला, लुगड्याचा जुना विटका काठ सावकाश फुगत होता आणि बसत होता.

त्याने पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

७

गुरुवारी डॉक्टरने घशात दिवा घालून पाहिलं, कानात पाहिलं आणि काही नाही म्हणून सांगितलं. साक्रीकडे जाणारी गाडी चुकू नये म्हणून आबांनी रिक्षा खोलीच्या दारासमोरच थांबवली आणि ते आतच बसून राहिले. मावशी एकटी उतरली. दोन मिनिटं पोराकडे जाऊन येते, असं तिने आबांना खुणेनेच सांगितलं असावं, कारण आता तिचं बोलणं तोंडाशी कान नेल्याशिवाय ऐकू येत नव्हतं.

ती खोलीत आली आणि नेहमीच्या जागी, त्याच गोधडीला पाठ लावून बसली. शालिग्रामने तिला तिथून उठवायला तोंड उघडलं. पण मावशीने त्याचा हात धरून खाली बसवलं, आणि त्याच्याने राहवेना. आयुष्यात तो एका दमात इतकं कधी बोलला नव्हता. दांड्यांचं सांगितलं. जीवरामच्या ढोलकीचं सांगितलं. तुला बांगड्या काढ म्हणायची लाज वाटली म्हणून मी त्या नंतर काढल्या, घसा काढला, श्वास काढला, मूळ होतं ते पुसलं. आबांना काही होणार नाही मावशी, याच्याशी त्यांचा संबंध नाही, हे मी केलंय.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. वेड्यासारखं बोलतोय असंही तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. लहानपणी त्याने काही फोडलं की ती जशी बघायची तशी बघत राहिली. मग पुढे वाकली. तो तिच्या तोंडाशी कान घेऊन गेला.

"तूच काढ्यात ना?" ती म्हणाली. "मंग तूच घाल परत."

त्याने नुसती मान हलवली, नाही म्हणून.

मावशीने सुस्कारा टाकला, आणि उठण्यासाठी जमिनीवर हात टेकला.

बांगड्या वाजल्या.

स्वच्छ, भरल्या हाताच्या, खळकन. मावशीने हात वर उचलला. वाजल्या. तिने मनगट हलवलं. वाजल्या. तिचे डोळे मोठे झाले आणि तोंडावर असा आनंद पसरला की शालिग्रामला बघवेना. कारण आवाज तिच्या हातातून येत नव्हता हे त्याला समोरून स्पष्ट कळत होतं. तो तिच्या पाठीमागून, कापडामागून येत होता. ती हात हलवी, तिच्याबरोबर तिकडे कोणीतरी हात हलवी.

"उन्यात रे," तिचे ओठ म्हणाले. आल्या.

तिला आबांना दाखवायच्या होत्या. साठ वर्षांची बाई, पोरीसारखी उठली. शालिग्रामने तिचा पदर धरला. बाहेर जाऊ नको मावशी, आबांनाच आत बोलावतो, तो म्हणाला. तिने त्याच्या गालावरून हात फिरवला, पदर सोडवला आणि उंबरा ओलांडून गेली.

तो दारापर्यंत धावला आणि तिथे त्याचे पाय थांबले.

उन्हात मावशीने रिक्षात वाकून आबांच्या कानाशी हात नेला आणि मनगट हलवलं. आबांनी मान पुढे केली. तिने पुन्हा हलवलं, जोराने. रिक्षावाला वळून बघू लागला. आबांनी कानामागे तळवा धरला आणि नाही म्हणून सावकाश मान हलवली. ती मनगट हलवतच राहिली. तिथे काहीही वाजत नव्हतं. वाजत होतं ते शालिग्रामच्या पाठीमागे, खोलीत, तिने जितक्या वेळा हात हलवला तितक्या वेळा.

मग मावशीने हात खाली घेतला. दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरून ती थोडा वेळ उभी राहिली. आबांच्या छातीकडे बघत राहिली. मागे न वळता रिक्षात चढली आणि त्यांना खेटून बसली.

आतल्या बांगड्या थांबल्या नाहीत. भिंतीपाशी कापड सरकल्याचा आवाज झाला. मग त्या पुढे येऊ लागल्या, चालणाऱ्या बाईच्या हातात वाजतात तशा, घाईने. यंत्राजवळून आल्या. दाराशी आल्या. शालिग्रामच्या मानेवर गरम श्वास लागला, जड, शिट्टी मारल्यासारखा. मागे वळायचं असं त्याने मनाशी ठरवलं, पण मान हलली नाही. पुढे जाऊन रिक्षा अडवायची असं ठरवलं, पण पाय हलले नाहीत.

रिक्षा सुरू झाली आणि गल्लीतून वळली.

त्याच्या कानाशी, घोगऱ्या आवाजात, गर्दीत हात सुटलेल्या बाईच्या भेदरलेल्या स्वरात, कोणीतरी विचारलं:

"माले आठे सोडीसन ती कोठे चालनी रे, शाल्या?"